तहानलेल्या जिवाचा हक्क

भातकुली तालुक्यात पाण्याची गोष्ट चवीपासून सुरू होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे आणि भातकुली त्यातच येते. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते खारं. माणसं गोड्या पाण्याच्या नळाची वाट पाहतात. ढोरं मिळेल ते पितात. पाण्यात क्षार जास्त झाले की जनावराला हगवण लागते, चारा नकोसा होतो, दूध आटतं. वैशाखात पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा कामाच्या बैलाला दिवसाकाठी 40 ते 60 लिटर पाणी लागतं, शेळीलाही 4 ते 8 लिटर लागतं. इतकं गोडं पाणी रोज कोठ्यापर्यंत आणायचं म्हणजे काय, हे या पट्ट्यात दिवस काढलेल्यालाच कळतं.

इस्लामच्या शिकवणीत प्राण्यांचं स्थान काय, हे समजून घ्यायला मला म्हणूनच भातकुली बरी वाटते. कारण या विषयातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट विहिरीची आहे. प्रेषित मुहम्मद यांनी आपल्या सोबत्यांना सांगितलेली ही गोष्ट बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या, दोन्ही प्रमुख संग्रहांत येते. एक वाटसरू तहानेनं व्याकूळ होऊन विहिरीत उतरला, पोटभर पाणी प्याला. वर येऊन पाहतो तर एक कुत्रा जीभ काढून धापा टाकतोय आणि तहानेपायी ओली माती चाटतोय. मघाशी आपली जी गत होती तीच याची आहे, हे त्याला जाणवलं. तो पुन्हा विहिरीत उतरला. जवळ भांडं नव्हतं. पायातला चामडी मोजा काढून त्यानं त्यात पाणी भरलं, तो दातांत धरला आणि हातापायांनी विहीर चढून वर आला. त्या एका कृतीवर त्याची पापं माफ झाली. ऐकणाऱ्यांनी विचारलं, की जनावरांशी चांगलं वागण्याचाही सवाब, म्हणजे पुण्य, मिळतो का? उत्तराचा आशय असा होता, की ज्याचं काळीज ओलं आहे त्या प्रत्येक जिवाच्या सेवेत सवाब आहे. ओलं काळीज म्हणजे जिवंत प्राणी. तो माणूसच असला पाहिजे, आपल्याच कामाचा असला पाहिजे, अशी अट त्यात नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू मांजरीच्या गोष्टीत आहे. एका बाईनं मांजर कोंडून ठेवली. खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन उंदीर-किडे धरून खाण्याइतकी मोकळीकही दिली नाही. मांजर मेली. त्या बाईच्या वाट्याला नरक आला. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की शिकवणीचा सांगाडा दिसतो: मुक्या जिवाशी केलेलं वागणं देवाच्या दरबारात मोजलं जातं, चांगलं तसं वाईटही. शरियत या शब्दाचा मूळ अर्थ पाणवठ्याकडे जाणारी वाट असा आहे. त्या वाटेवर माणसाबरोबर जनावरही चालतं, हे या लेखात पायरीपायरीनं पाहू.

पाया: तुमच्यासारखेच समाज

कुरआनात एकूण 114 सूरा, म्हणजे अध्याय आहेत. त्यांतल्या कितीतरींची नावं प्राण्यांवरून आहेत. दुसरी आणि सर्वांत मोठी सूरा अल-बकरा. मराठी माणसाला इथे बकरा आठवेल, पण अरबीत बकरा म्हणजे गाय. याशिवाय अल-अनआम म्हणजे गुरंढोरं, अन-नहल म्हणजे मधमाशी, अन-नमल म्हणजे मुंगी, अल-अनकबूत म्हणजे कोळी आणि अल-फील म्हणजे हत्ती.

नावांपेक्षा महत्त्वाचं विधान सहाव्या सूरेच्या 38 व्या आयतीत आहे. जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे माणसांसारखेच समाज आहेत, असा तिचा आशय. तिथे वापरलेला शब्द आहे उम्मत. मुसलमान जगभरच्या आपल्या समाजाला हाच शब्द वापरतो. एका हदीसमध्ये हा शब्द मुंग्यांसाठीही येतो. पूर्वीच्या एका प्रेषिताला मुंगी चावली आणि त्यानं सगळं वारूळ जाळायला लावलं. तेव्हा देवानं त्याला सुनावलं, की एका मुंगीपायी तू देवाचं गुणगान करणारी एक अख्खी उम्मत जाळलीस. मुंग्यांनाही समाज म्हणणारी ही दृष्टी पुढच्या साऱ्या नियमांच्या मुळाशी आहे.

दुसरा आधार सोळाव्या सूरेत आहे. गुरांपासून माणसाला ऊब मिळते, अन्न मिळतं, ओझी वाहून नेली जातात, हे सांगतानाच तिथे असंही म्हटलं आहे, की संध्याकाळी ती घरी परततात आणि सकाळी चरायला निघतात त्यात तुमच्यासाठी सौंदर्य आहे. वऱ्हाडातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सकाळी गावाच्या आखरावर ढोरं गोळा व्हायची, ढोरकी त्यांना रानात न्यायचा आणि दिवेलागणीला धूळ उडवत ती गावात शिरायची. पूर्णेकाठची भुरकट पूर्णाथडी म्हैस असो की गावरान गाय, तिच्याकडे दुधाच्या आणि शेणाच्या हिशेबापलीकडेही पाहायला ही आयत सांगते.

तिसरा आधार अमानत या कल्पनेचा. पृथ्वी देवाची, जनावरं देवाची, माणूस त्यांचा विश्वस्त. मालकी आहे, पण ती हिशेब द्यावा लागणारी मालकी आहे. कयामतच्या दिवशी शिंगाच्या मेंढीकडून बिनशिंगाच्या मेंढीलाही तिचा न्याय मिळवून दिला जाईल, असं एक हदीस सांगतं. जिथे मेंढ्यांमधल्या अन्यायाचीही दखल घेतली जाते, तिथे माणूस सुटेल कसा?

दया वेगळी, हक्क वेगळा

आता या लेखातल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. जनावरावर दया करा, असं जगातला प्रत्येक धर्म सांगतो. इस्लामी कायद्यानं त्यापुढे एक पाऊल टाकलं आणि जनावराला हक्क दिला. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क हे घेणाऱ्याचं येणं असतं. उर्दूत आणि वऱ्हाडातल्या मुसलमानांच्या बोलण्यात त्याला हक हाच शब्द आहे. बेजुबान जनावराचा हक मारू नये, असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात तेव्हा ती नकळत जुन्या फिक्हचीच, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचीच, भाषा बोलत असतात.

तेराव्या शतकात इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम नावाचे मोठे कायदेपंडित होऊन गेले. दमिश्कचे रहिवासी, पुढे कैरोत काझी, मृत्यू 1262 मध्ये. आपल्या ग्रंथात त्यांनी माणसावर जनावराचे कोणते हक्क आहेत त्यांची यादीच दिली आहे. जनावर म्हातारं झालं, आजारी पडलं, त्याच्यापासून काडीचा फायदा उरला नाही तरी मालकानं त्याचा खर्च करावा. त्याला झेपेल त्याहून जास्त ओझं लादू नये. त्याला इजा करणाऱ्या जनावरासोबत बांधू नये, मग ते त्याच्या जातीचं असो वा परजातीचं. बसायची आणि पाण्याची जागा नीट असावी. माजाच्या काळात नर-मादीला एकत्र येऊ द्यावं. कापायचं असेल तर चांगल्या रीतीनं कापावं आणि पिल्लाला त्याच्या आईच्या नजरेसमोर कापू नये. सुमारे आठशे वर्षांपूर्वीची ही यादी आजही एखाद्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे.

हा हक्क अमलात कसा यायचा, हे एका उदाहरणानं पाहू. समजा एका शेतकऱ्याचा बैल थकला आहे. औताला चालत नाही. मालक त्याला कुटार टाकत नाही, ढेप तर लांबच राहिली. शाफई, मालिकी आणि हंबली या तीन मजहबांचे, म्हणजे कायदापंथांचे, पंडित सांगतात, की काझीनं मालकाला बोलावून पर्याय द्यावेत: त्याला खाऊ घाल, नाहीतर विक, आणि खाण्याजोगं जनावर असेल तर जबह कर, म्हणजे धर्माच्या रीतीनं काप. मालक काहीच करत नसेल तर काझीनं स्वतः निर्णय घ्यावा. भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी मजहबाचे आहेत. या मजहबाचे इमाम अबू हनीफा यांचं मत थोडं निराळं होतं. जनावराला खाऊ घालणं मालकावर बंधनकारक आहे, न घालणं पाप आहे, पण हा व्यवहार त्याच्या आणि देवाच्या मधला आहे. जनावर दावा लावू शकत नाही म्हणून काझी सक्ती करणार नाही. त्यांचेच पट्टशिष्य अबू यूसुफ यांनी मात्र वेगळं मत दिलं, की काझीनं सक्ती करावी. न्यायालयाचा हात कुठवर पोचतो यावर मतभेद झाले. जनावराला खाऊ घालणं कर्तव्य आहे, यावर मात्र कुणाचाच मतभेद नाही.

राबणारं जनावर

प्रेषितांच्या काळात अरबस्तानात उंट होता, वऱ्हाडात बैल आहे. कष्ट सारखेच. अबू दाऊदच्या संग्रहात एक प्रसंग आहे. प्रेषित मदिनेत एकाच्या बागेत गेले. तिथला उंट त्यांना पाहून कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी जवळ जाऊन त्याच्या कानांमागून हात फिरवला तेव्हा तो शांत झाला. मग मालकाला बोलावून त्यांनी जाब विचारला, की या जनावराबद्दल तुला देवाची भीती वाटत नाही का, तू याला उपाशी ठेवतोस आणि राबवून घेतोस, अशी त्याची माझ्याकडे तक्रार आहे. दुसऱ्या एका उंटाचं पोट पाठीला लागलेलं पाहून त्यांनी मुक्या जनावरांच्या बाबतीत देवाला भिऊन वागायला सांगितलं. तिथल्या अरबी शब्दाचा अर्थ बोलता न येणारी जनावरं असा आहे. मराठीतलं मुकं जनावर आणि अरबीतलं ते संबोधन यांत तसूभर फरक नाही.

याच विषयावरचे आणखी काही नियम पाहा. जनावराच्या पाठीवर बसून तासन् तास गप्पा मारत राहू नये. त्याची पाठ म्हणजे व्यासपीठ नव्हे. तोंडावर डागू नये. असं करणाऱ्याचा प्रेषितांनी धिक्कार केला. दूध काढणाऱ्यानं नखं कापावीत, म्हणजे सडाला ओरखडा येत नाही. अडेलपणा करणाऱ्या उंटाला हिसके देणाऱ्या आपल्या पत्नी आयशा यांना प्रेषितांनी सौम्यपणानं वागायला सांगितलं. जुन्या इस्लामी शहरांत मुहतसिब नावाचा बाजार-अधिकारी असे. वजनमापं तपासता तपासता जनावरांवर लादलेली ओझीही पाहणं हे त्याचं काम होतं.

या नियमांचा अर्थ बैलाच्या खांद्यावर पाहावा. जू नीट बसत नसलं, दोन बैलांची उंची कमी-जास्त असली किंवा गाडी एका बाजूला वजनी झाली, की जुवाखालची कातडी घासली जाते. आधी केस जातात, मग जागा गरम लागते, मग सूज येते. यालाच खांदेसूज म्हणतात. या वेळी बैलाला आठ-दहा दिवस सुटी दिली, औषध केलं, जुवाला मऊ गादी बांधली तर खांदा सुधारतो. पेरणीची घाई म्हणून तसाच जुंपला तर जखम चिघळते, त्यात किडे पडतात. बोलता येत नाही म्हणून बैल सांगत नाही. जू पाहताच मान बाजूला घेतो, एवढंच. उंट कण्हत होता, बैल मान वळवतो. तक्रार तीच. ती ऐकायचं कर्तव्य मालकाचं.

आपला देशी कायदाही याच दिशेनं जातो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 मध्ये केलेल्या नियमांनुसार त्यांच्याकडून दिवसात 9 तासांहून अधिक आणि सलग 5 तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान 37 अंशांवर असेल तिथे दुपारी 12 ते 3 या वेळात त्यांना जुंपता येत नाही. अमरावती जिल्ह्यात मार्च सरता सरता हा नियम लागू पडू लागतो. तरी भर दुपारी विटांनी भरलेली बैलगाडी रस्त्यावर दिसते, तेव्हा कायदा आणि धर्म दोन्ही एकदम मोडलेले असतात.

खेळ, पैज आणि झुंज

जनावरांची झुंज लावायला इस्लाममध्ये मनाई आहे. कोंबड्यांची झुंज असो, टकरीचे बोकड असोत वा मेंढे, रक्त पाहून करमणूक करणं निषिद्ध. जिवंत प्राणी बांधून त्याच्यावर नेम धरणंही निषिद्ध. खलिफा उमर यांचे पुत्र इब्न उमर यांनी काही तरुणांना एक पक्षी बांधून त्यावर बाण मारताना पाहिलं आणि प्रेषितांनी असं करणाऱ्याचा धिक्कार केल्याचं त्यांना बजावलं. खाण्यासाठी शिकार करायला परवानगी आहे. केवळ गंमत म्हणून चिमणी मारली तर ती चिमणी देवाकडे तक्रार करील, असा इशारा हदीसमध्ये आहे.

शर्यतीचं मात्र तसं नाही. प्रेषितांनी स्वतः घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या. त्यांच्या काळात सराव झालेल्या घोड्यांना लांबचं अंतर आणि सराव नसलेल्यांना जवळचं अंतर दिलं जाई. म्हणजे जनावराच्या ताकदीप्रमाणे शर्यत. बक्षिसाचा नियमही स्पष्ट आहे. तिसऱ्यानं बक्षीस ठेवलं तर चालतं. दोन्ही बाजूंनी पैसे लावायचे आणि हरणाऱ्याचे जिंकणाऱ्यानं घ्यायचे, हा जुगार, आणि तो हराम.

वऱ्हाडात हा मुद्दा शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, लागू करून पाहता येतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट नावाजलेला आहे. न्यायालयीन बंदीनंतर महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना वाट मोकळी केली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं ती दुरुस्ती ग्राह्य धरली. परवानगी मिळाली ती जनावराला इजा न करण्याच्या अटींवर. इस्लामी दृष्टीनं मोजलं तरी फूटपट्टी तीच निघते: धावणाऱ्या बैलाला चालेल, टोचलेल्या, शेपटी पिरगाळलेल्या, नशा दिलेल्या बैलाला चालणार नाही.

सुरीचे नियम

इस्लाम मांस खायला परवानगी देतो. ही परवानगी बिनशर्त नाही, आणि तिच्या अटी बाहेरच्या माणसाला फारशा ठाऊक नसतात म्हणून त्या सविस्तर सांगतो. गुदमरून मेलेलं, मारहाणीनं मेलेलं, उंचावरून पडून किंवा शिंग लागून मेलेलं जनावर कुरआनाच्या पाचव्या सूरेनुसार हराम आहे. खायचं असेल तर ते जबह केलेलं हवं. जबहचा पाया एका हदीसमध्ये आहे. देवानं प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे काम उत्तम रीतीनं करणं, लागू केलं आहे. म्हणून जबह कराल तर नीट करा, सुरीला धार लावा आणि जनावराला आराम द्या, असा त्याचा आशय.

आता क्रम पाहू. जनावराला आधी पाणी पाजतात. पाय धरून ओढत नेत नाहीत. सुरीला धार त्याच्यासमोर लावत नाहीत. असं करणाऱ्याला प्रेषितांनी विचारलं होतं, की याला दोनदा मारायचंय का? एका जनावरासमोर दुसरं कापत नाहीत. हळुवार आडवं करून तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करतात आणि देवाचं नाव घेतात. देवाच्या नावाशिवाय जीव घेण्याचा अधिकार माणसाला नाही, हे त्यातून कबूल केलेलं असतं. सुरी धारदार असली की एकाच वेगवान फिरवण्यात श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या जातात. हनफी मतानुसार या चारांपैकी निदान तीन कापल्या गेल्या पाहिजेत. मान पूर्ण तोडणं, सुरी मज्जारज्जूपर्यंत नेणं मकरूह, म्हणजे नापसंत. जनावर पूर्ण शांत होईपर्यंत कातडी काढायची नाही.

बकरा ईदच्या कुर्बानीलाही अटी आहेत. जिलहिज महिन्याच्या 10, 11 आणि 12 तारखेला ती होते. बकरा किमान एक वर्षाचा हवा. आंधळा, लंगडा, उघड आजारी किंवा हाडांचा सापळा झालेला चालत नाही. म्हणजे जनावराला वर्षभर नीट सांभाळल्याशिवाय कुर्बानीच करता येत नाही. गावाकडे अनेक घरांत पाटीएवढं पिल्लू आणून वाढवतात. पोरं त्याला नावानं हाक मारतात, हातानं बाभळीचा, बोरीचा पाला भरवतात. ईदच्या सकाळी त्या पोरांच्या डोळ्यांतलं पाणी हा कुर्बानीचाच भाग आहे. आवडतं ते द्यायचं असतं. मांस आणि रक्त देवापर्यंत पोचत नाही, पोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे देवाला भिऊन वागणं, असं बाविसावी सूरा सांगते. मांसाचे तीन वाटे करून एक गरिबांना, एक आप्तमित्रांना आणि एक घरात ठेवण्याची रीत आहे. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यानं गायीची आणि 2015 च्या दुरुस्तीनं बैल-वळूचीही कत्तल बंद आहे. त्यामुळे आपल्याकडे कुर्बानी मुख्यतः बकऱ्याची होते.

कत्तलखान्यांसाठीच्या 2001 च्या भारतीय नियमांतही एका जनावरासमोर दुसरं कापू नये आणि गाभण जनावर कापू नये, असं म्हटलं आहे. इज्जुद्दीन यांच्या यादीशी ते किती मिळतंजुळतं आहे, हे वाचकानंच ताडून पाहावं.

कुत्र्याचा प्रश्न

इस्लाममध्ये कुत्रा नापाक, मग त्याच्यावर दया कशी, असा प्रश्न बरेचदा विचारला जातो. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पाकी हा नमाजाच्या शुद्धीचा विषय आहे. हनफी मतात कुत्र्याची लाळ अशुद्ध आहे, त्याचं अंग नाही. मालिकी मतात तर तो शुद्धच. भांड्याला कुत्र्यानं तोंड लावलं तर ते धुवायचं, इतकाच त्याचा परिणाम. कुत्र्याचा हक मात्र दुसऱ्या खात्यात जमा होतो. शेतीच्या, कळपाच्या राखणीला आणि शिकारीला कुत्रा पाळायला स्पष्ट परवानगी आहे. अठराव्या सूरेतल्या गुहावासींच्या कथेत दारात पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा देवानं त्यांच्यासोबत मोजला आहे. आणि विहिरीच्या गोष्टीत ज्याच्यामुळे माणसाला माफी मिळाली तो कुत्राच होता. गल्लीतल्या कुत्र्यावर दगड भिरकावणाऱ्या पोराला हे सांगायला हवं.

रानातले जीव आणि झाडं

एका प्रवासात सोबत्यांनी एका पक्षिणीची दोन पिल्लं उचलली. ती पंख पसरून घिरट्या घालू लागली. तिला पिल्लांपायी कुणी दुखवलं असं विचारून प्रेषितांनी पिल्लं घरट्यात परत ठेवायला लावली. मक्का आणि मदिनेच्या ठरावीक क्षेत्रात शिकार बंद करण्यात आली. आजच्या भाषेत ती अभयारण्यंच. हज-उमऱ्याच्या इहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या पवित्र अवस्थेत, असलेल्या माणसाला तर रानातल्या जनावराची शिकार करताच येत नाही. लावलेल्या झाडाचं फळ माणसानं, पक्ष्यानं किंवा जनावरानं खाल्लं तर लावणाऱ्याच्या नावावर सदका, म्हणजे दान, जमा होतो.

दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वानुस्सफा या विद्वानमंडळानं तर एक अख्खी कथा रचली: जनावरं जिनांच्या राजापुढे माणसाविरुद्ध फिर्याद मांडतात. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी मौलवी इक्राम अली यांनी 1810 मध्ये तिचा उर्दू अनुवाद केला. विसाव्या शतकात भारतात जन्मलेले हाफिज बशीर अहमद मसरी (1914–1992) इंग्लंडमधल्या वोकिंगच्या शाहजहान मशिदीचे इमाम होते. त्यांनी 1989 मध्ये इस्लाम आणि प्राणी या विषयावर पुस्तक लिहिलं. जबह नियमानं झालं म्हणून भागत नाही. जनावर कसं वाढवलं, कसं वाहून आणलं, तेही मोजलं पाहिजे, यासाठी त्यांनी लेखणी झिजवली.

शेजाऱ्यांची शिकवण

भातकुलीत आदिनाथांचं जुनं जैन मंदिर आहे. तिथे जीवदया म्हणजे जीव घ्यायचाच नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर महानुभाव पंथाचं मोठं ठाणं, तिथेही अहिंसाच. गाडगेबाबा याच जिल्ह्यात 1876 मध्ये जन्मले, देवाच्या नावावर बोकड-कोंबडं कापण्याविरुद्ध जत्राजत्रांत बोलले आणि 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ पेढी नदीकाठी त्यांनी देह ठेवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा तुपा-हळदीनं चोळून त्याला जेवणाचं आवतण देणारा शेतकरीही इथलाच.

इस्लामची शिकवण यांच्याशी शंभर टक्के जुळत नाही, आणि ती जुळते असं दाखवायची गरजही नाही. इस्लाम अन्नासाठी जीव घ्यायला परवानगी देतो. जैन धर्म देत नाही. पण जिवंत असेपर्यंत जनावराला उपाशी, तहानलेलं, जखमी ठेवायचं नाही आणि त्याचे हाल करायचे नाहीत, यावर या मुलखातले सगळे धर्म एका जागी येतात. आणि आज मोडतंय ते हेच. ईदच्या आधी बकरे चारचाकीत कोंबून, पाय बांधून, पाण्याविना शंभर-शंभर किलोमीटर आणले जातात. बोथट सुरीनं घाईघाईत जबह होतो. दुसरीकडे थकलेलं जनावर रस्त्यावर सोडून दिलं जातं, ते प्लास्टिक खाऊन मरतं. पहिल्या प्रकाराला शरियतचा आधार नाही, दुसऱ्याला गोमातेच्या भक्तीचा नाही. माझं स्पष्ट मत आहे, की ज्या बकऱ्याला वाटेत पाणी मिळालं नाही त्याची कुर्बानी देणाऱ्यानं आधी त्या तहानेचा हिशेब द्यावा.

आपल्या दारापासून

मशिदीतल्या जुम्म्याच्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, ईदच्या आधी पंधरा मिनिटं या विषयाला मिळाली तर खूप काही बदलेल. बकरा आणताना वाटेत दोनदा थांबून पाणी पाजा. सावलीची जागा आणि पाण्याचं भांडं आधी तयार ठेवा. सुरी आदल्या रात्रीच परजून ठेवा आणि सराईत हातालाच बोलवा. शेतकऱ्यानं जुंपण्याआधी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवावा. गरम लागला तर त्या दिवशी गाडी नाही.

आणि खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक घरासाठी, धर्म कोणताही असो, एक विनंती. येत्या चैत्रात दाराबाहेर गोड्या पाण्याचं एक पसरट टाकं ठेवा. कुत्रा पिईल, शेळी पिईल, चिमणी पिईल. रोज सकाळी ते घासून भरा. विहिरीत पुन्हा उतरलेल्या त्या वाटसरूजवळ भांडंसुद्धा नव्हतं. आपल्याजवळ ते आहे.